चादरींचं मशीन

मशीन बंद पडलं तेव्हा येसूबाईला फारसं वाईट वाटलं नाही. घरातली माणसं एका पंगतीत मावायची नाहीत. मुलांचे ट्रेलरच्या ग्रीसनं माखलेले शर्ट, नातवंडांचे गणवेश, सुनांचे ड्रेस आणि दयारामच्या चादरी, एवढं सगळं गिळणारं यंत्र एक दिवस आडवं होणारच होतं.

दयाराम म्हणजे तिचा नवरा. पावसाळ्याच्या तोंडावर त्याला लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा अर्धी गेली आणि जन्मभर मिठागरात राबलेला माणूस पलंगाला चिकटला. चादर कधी सकाळी बदलावी लागे, कधी सकाळी आणि दुपारीही. त्याबद्दल घरात कोणी बोलत नसे. येसूबाई कोणाला बोलू देत नसे.

उरणच्या बाजारात थोरला मितेश गाडी घेऊन गेला. मागच्या सीटवर येसूबाई आणि थोरली सून दिपाली. दुकानातल्या माणसानं सगळ्यात मोठं मशीन उघडून दाखवलं. आत हीटर, पाणी तापतं, डाग राहत नाही.

"एवढंच हवं आपल्याला," मितेश म्हणाला.

दिपाली जरा घुटमळली. "आई, हे घेऊच. पण त्याच्या जोडीला ते कोपऱ्यातलं छोटं पण घेऊ या का?"

"छोटं कोनासाठी?"

दिपालीनं मान खाली घातली. मितेश खिशातला फोन काढून बघायला लागला. येसूबाईला उमगायचं ते उमगलं. गावात भाऊ भांडले की आधी चूल वेगळी होते, मग पाणी, मग बोलणं. तिच्या घरात चूल एक होती, म्हणून ती चार बायकांत मान वर करून बसायची. आणि आता तिच्याच नवऱ्याला धुण्यात वाळीत टाकायला निघाली होती ही.

"तुझी पोरगी तान्ही व्हती तवा तिची लंगोटं कंच्या मशीनमध्ये टाकलीस गो?" सगळं दुकान ऐकेल अशा आवाजात तिनं विचारलं. "तवा घेतलं व्हतंस येगलं? ह्याच मानसाच्या मांडीवर मुतून मोठी झाली ती. तवा त्यानं नाक न्हाय धरलं!"

दुकानातला माणूस उगाच एक झाकण पुसायला लागला.

"आई, तसं नाही हो..." दिपालीचे डोळे भरले.

"चल मितेश. मी हाय तवर ह्या घरात एकच मशीन येनार."

घरी आल्यावर चपला काढल्या न काढल्या तोच ती दयारामच्या खोलीत शिरली. पलंगाच्या कडेला बसून तिनं सगळं सांगितलं. "तुमच्या लाडक्या सुनेला तुमची घान वाटते. येगलं मशीन मागते."

दयारामनं डावा हात उचलून आपल्याच छातीवर ठेवला. "मी... सांगलं."

"काय सांगलं? कोनाला?"

"दिपालीला."

येसूबाई पुढं सरकली. मग म्हणाली, "मला का न्हाय?"

"तू... भांडशील."

दयारामच्या तोंडातून शब्द ओढून काढावे लागत. ती वाट बघत बसली. "नातीचा... शर्ट," तो म्हणाला. "वास घेत व्हती." थोडं थांबून, "मिठाचं कापड."

तेव्हा तिला कळलं. मिठागरातून हा संध्याकाळी यायचा तेव्हा अंगावरचं कापड खाऱ्या पाण्यानं वाळून पत्र्यासारखं कडक झालेलं असे. ते त्यानं कधी घराच्या धुण्यात टाकलं नाही. मीठ दुसऱ्याच्या कापडात उतरतं, पोराबाळांची कातडी फुटते. विहिरीमागच्या दगडावर स्वतः खळबळायचा, वेगळ्या दोरीवर टाकायचा. नवी नवरी असताना तिनं एकदा ते गाठोडं उचललं, तर त्यानं हातातून काढून घेतलं होतं. मिठागरातले सगळेच गडी असं करत. त्याला कोणी वाळीत टाकणं म्हणत नसे.

आता विहिरीपर्यंत जायला पाय नव्हता आणि पिळायला हात नव्हता. नातीच्या गणवेशात आपलं काही उतरू नये, एवढंच त्याला हवं होतं. आणि ते सांगायला त्याला बायको नाही, सून सापडली होती.

"लोक काय म्हनतील?" तरी ती म्हणाली. "बापाचं धुनं येगलं काढलं म्हनतील."

"लोक... धुनार?"

ती उठली. स्वयंपाकघरात दिपाली बोंबील साफ करत होती. येसूबाई दारात उभी राहिली. माफी मागायची सवय तिच्या जिभेला नव्हती.

"दोन घे," ती म्हणाली.

दिपालीनं वर बघितलं.

"छोटं ह्यांच्या खोलीमागच्या पडवीत बसव. नळ तिकडं काढायला सांग मितेशला. आनि माझी लुगडी त्यातच जातील."

"तुमची कशाला, आई? मोठ्यात जागा आहे की."

"जागा हाय ते मला पन दिसतं." ती तशीच उभी राहिली. "दुकानात मी जे बोलले..."

"कालवणात कोकम टाकू का कैरी?" दिपालीनं विचारलं.

"कोकम," येसूबाई म्हणाली आणि विळी घेऊन तिच्या शेजारी बसली.

छोटं मशीन आलं, पडवीत बसलं. पहिल्या दिवशी येसूबाईनं आधी त्याची चादर टाकली, मग आपलं नऊवारी, आणि झाकण लावलं. घरघर सुरू झाली तसा आतून दयारामचा आवाज आला.

"तुझं लुगडं... का टाकलंस?"

तिनं खिडकीतून आत तोंड घातलं.

"मीठ तुमी एकट्यानंच काढलं काय? डोक्यावरून पाट्या मी पन वायल्यात."

दयारामच्या तोंडाची डावी बाजू हलली. येसूबाई तिथंच मशीनला टेकून, पाणी सुटेपर्यंत बसून राहिली.