पत्ता द्या

आमच्या बातम्यांच्या संकेतस्थळावर वाचकांचा एक फलक आहे. तिथे दिवसाला चार-साडेचार हजार माणसं भांडतात, आणि त्यातलं काय दिसू द्यायचं नि काय अडवायचं ते मी ठरवते. या कामाला मोठं भारदस्त नाव आहे. घरात ताई मला चाळणी म्हणते. मी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. टायपिंग शिकले ते ताईच्या प्रश्नपत्रिका टाइप करता करता, आणि माणसं वाचायला शिकले ती या फलकावर. कोण रागाने लिहितंय, कोण घाबरून, कोण जेवण झाल्यावर सुस्तावून, हे मला पहिल्या ओळीत कळतं. निदान मला तसं वाटायचं.

कामाची रीत सोपी. डावीकडे राखाडी यादी येते. प्रत्येक प्रतिक्रियेखाली दोन बटणं: ‘जाऊ दे’ आणि ‘अडव’. शिव्या अडवायच्या, कुणाच्या आजारपणावरचे विनोद अडवायचे, आणि अकराव्या नियमाप्रमाणे पुराव्यावाचून कुणाचा पत्ता किंवा इमारतीची खूण दिली असेल तर तीही अडवायची. अडवलेलं फक्त मला दिसतं आणि तीस दिवसांनी पुसलं जातं. त्याबद्दल बाहेर चकार शब्द काढायचा नाही, असं मी सही करून दिलं आहे.

त्या महिन्यात शहराच्या कारभाऱ्यांनी ठराव केला की लिफ्ट, बॉयलर आणि पूल यांची माणसाकरवी तपासणी यापुढे सक्तीची नाही. यंत्राला चिकटवलेला सेन्सर ‘ठीक’ म्हणाला की ठीक. फलकाला उधाण आलं. ज्यांनी जन्मात एक स्क्रू पिळला नव्हता तेही तज्ज्ञ झाले. एकाने घोडागाडीवाल्यांची आठवण काढली, दुसऱ्याने माणसाची गरजच आणखी किती वर्षं आहे असं विचारलं, आणि तिसरा दर तासाला ‘तुम्ही सगळे विकले गेलात’ एवढंच लिहीत होता. त्याला मी जाऊ द्यायची. बिचाऱ्याला तेवढंच सुचायचं.

या गदारोळात खरे लढणारे दोघंच. एक ‘ग्रीस’. एकवीस वर्षं लिफ्टचा मेकॅनिक, ठरावानंतर आठवड्याभरात कामावरून कमी केलेला. तो हात पुसत पुसत लिहिल्यासारखा लिहायचा, थोडकं आणि कोरडं. ब्रेक झिजला की आधी आवाज बदलतो, मग थांबायची जागा बदलते, मग बदलायला काही उरत नाही. सेन्सरला फक्त तिसरी गोष्ट कळते, असं त्याने एकदा लिहिलं होतं. ते वाचून मी उठून खिडकी लावून आले होते. खिडकीचा काय संबंध, विचारू नका.

दुसरी ‘काटकोन’. ही आमची ताई.

ताई गणिताची शिक्षिका, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेली. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, त्यामुळे माझ्या वेण्या, माझा अभ्यास, माझे ताप हे सगळं तिच्याच वाट्याला आलेलं. चार महिन्यांपूर्वी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन यंत्राच्या हाताने झालं आणि ते झकास झालं. तेव्हापासून ती यंत्राच्या विरुद्ध एक शब्द ऐकून घ्यायची नाही. आम्ही दोघी दोन खोल्यांत राहतो. ती आतल्या खोलीत टाइप करायची, आणि भिंतीच्या अलीकडे ओट्याशेजारी बसून मी तिला ‘जाऊ दे’ म्हणायची. फलक जेवणाच्या टेबलावर आणायचा नाही, हा आमच्यात करार होता.

तिच्या लिहिण्यात अडवण्यासारखं कधी काही नसे. भाषा स्वच्छ, धार मात्र अशी की समोरच्याला दुसऱ्या दिवशी कळावं आपण कापले गेलो. ग्रीसला ती म्हणाली, अनुभव हा पुरावा नव्हे. झिजलेल्या ब्रेकची एवढी माहिती असेल तर कुठल्या लिफ्टचा झिजलाय ते सांगा. पत्ता द्या. ते दोन शब्द लोकांना असे आवडले की ग्रीसने काहीही लिहिलं तरी खाली शंभर जण ‘पत्ता द्या’ लिहायला लागले. हवामानाच्या बातमीखालीसुद्धा कुणीतरी विचारलं, ढगाचा पत्ता द्या.

मंगळवारी सकाळी त्याने पत्ता दिला.

जुन्या टपाल कार्यालयासमोरची निळ्या काचांची इमारत, लिफ्ट क्रमांक दोन. भरलेली असली की सातव्या मजल्यावर दोन बोटं खाली थांबते. तीन महिन्यांपूर्वी एक बोट होतं. मी लेखी कळवलं, मला काढलं. बसू नका तिच्यात.

मी ‘अडव’ दाबलं. अकरावा नियम. वाचलेलं डोक्यात शिरायच्या आत बोट खाली गेलं होतं. अकरा वर्षांची सवय. पंधरा मिनिटांनी त्याने पुन्हा पाठवलं, मी पुन्हा अडवलं. तिसऱ्यांदा अडवल्यावर यंत्रणेने त्याचं खातं आपोआप बंद केलं. तशीच सोय आहे. आणि खाली फलक पुढे चालू: ‘पत्ता विचारल्यावर पळाला.’ ‘ग्रीस वितळलं.’ यातलं काहीच नियमाबाहेर नव्हतं. मी एकेकाला जाऊ देत बसले.

चहा टाकायला उठले तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. निळ्या काचा, सातवा मजला. ताईच्या गुडघ्याच्या व्यायामाचं केंद्र तिथेच आहे. दर सोमवारी आणि गुरुवारी, दुपारी चार वाजता.

संध्याकाळी जेवताना मी करार मोडला. तिथल्या लिफ्टला सातव्यावर पायरी लागते का, असं सहज विचारल्यासारखं विचारलं.

“लागते थोडी,” ताई म्हणाली. “गर्दी असली तर जास्त. मी पाय उचलून टाकते, तेवढाच व्यायाम.” मग तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “कुणी लिहिलंय?”

मी भाजी वाढली. तिने काय ते ओळखलं. मी म्हटलं, काही दिवस जिन्याने जा. तर म्हणाली, सात मजले, या गुडघ्याने, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? मग व्यायाम घेणाऱ्या बाईंना घरी बोलावू, मी म्हटलं. त्यावर तिने ताट पुढे सरकवलं आणि शांतपणे सांगितलं की ग्रीसची नोकरी गेली याचं तिला मनापासून वाईट वाटतं, पण वाईट वाटणं म्हणजे गणित नव्हे.

बुधवारी मी इमारतीच्या व्यवस्थापनाला फोन केला. एका कंटाळलेल्या माणसाने सांगितलं, मॅडम, आमच्या पडद्यावर लिफ्ट हिरवी आहे, अठ्ठ्याण्णव टक्के. उरलेले दोन टक्के कुठे गेले, मी विचारलं. शंभर दाखवलं तर लोकांचा विश्वास बसत नाही, म्हणाला. नगरपालिकेच्या मदतक्रमांकावर त्यांनी माझ्याकडेच सेन्सरचा नंबर मागितला. सेन्सर लिफ्टच्या माथ्यावर, तिथे मी कशी जाणार? आमच्या संपादकांनी सगळं ऐकून घेतलं, कायद्याच्या विभागाकडे पाठवतो म्हणाले, उत्तर पुढच्या आठवड्यात.

गुरुवार पुढच्या आठवड्यापर्यंत थांबणार नव्हता. गुरुवारी मी कचेरीत बसते; सकाळी नऊला तिथेच मी अडवलेल्या यादीतून ग्रीसची प्रतिक्रिया बाहेर काढली आणि ‘जाऊ दे’ दाबलं. मला वाटलं, ज्यांनी पत्ता मागितला त्यांना पत्ता मिळेल, वाचतील, गप्प होतील. ताईही वाचेल. अकरा वर्षं हेच काम करून मला एवढं कळायला हवं होतं की फलकावर कुणी वाचत नाही. सगळे उत्तर देतात.

दहाच्या सुमारास टिंगल सुरू झाली. अकराला एक जण त्या लिफ्टमध्ये एकटा बसून वर-खाली करून आला आणि त्याचा व्हिडिओ टाकला. दोनशे लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकट्याने काही सिद्ध होत नाही हे सांगायला ग्रीसचं खातं उघडं नव्हतं. पण ते दुसऱ्या कुणाच्या तरी लक्षात आलं: तो म्हणतोय भरलेली हवी, मग भरू या की.

दीड वाजून गेल्यावर संपादकांनी मला अकराव्या नियमाबद्दल वर बोलावलं. दीड तास त्यांच्या खोलीत गेला. परत आले तर तीन वाजून दहा मिनिटं झालेली, माझ्या जागी दुसरी मुलगी बसलेली, आणि फलकावर सगळ्यात वर काटकोन:

‘प्रयोग करायचा तर नीट करावा. मी आज चार वाजता तिथे असेनच. क्षमता आठ माणसांची आहे, पूर्ण आठ हवीत. सातव्या मजल्यावर पट्टीने मोजू. दोन बोटं निघाली तर मी ग्रीस यांची जाहीर माफी मागेन.’

त्या मुलीने ते जाऊ दिलं होतं. त्यात नियमाबाहेर काही नव्हतं.

ताईचा फोन वाजत राहिला. मी रिक्षाही न शोधता अर्धी वाट पळत गेले; या वयात पळणारी बाई पाहिली की लोक वाट देतात, एवढा एक फायदा. इमारतीच्या काचेच्या दारात रखवालदाराने एका बुटक्या माणसाला हात आडवा घालून थोपवलं होतं. धुतलेला शर्ट, नखांत काळं. तो रखवालदाराशी भांडत नव्हता. तो फक्त आतल्या दोन नंबरच्या दाराकडे बघत होता.

मी त्याला सांगितलं, तुमचं लिहिलेलं अडवलं ती मी.

“मग आता अडवा की,” तो म्हणाला.

लिफ्टच्या दारावरच्या पडद्यावर हिरवा अठ्ठ्याण्णव. आत सात जण शिरलेले, बहुतेक तिशीच्या आतले, प्रत्येकाचा फोन वर धरलेला. आणि मधोमध ताई, एका हातात काठी, दुसऱ्या हातात वर्गात वापरायची ती पोलादी पट्टी. मुलं तिला मॅडम मॅडम करत होती. गेल्या चार महिन्यांत ती इतकी ताठ उभी राहिलेली मी पाहिली नव्हती. क्षणभर मला तिला हाक मारवेना.

मग मी दारात हात घातला. दार मिटता मिटता उघडलं. आतून कुणीतरी म्हणालं, काकू, आत या नाहीतर बाजूला व्हा. ताई म्हणाली, हात काढ, लोक हसताहेत. मी हात काढला नाही. दार पुन्हा उघडलं. एका मुलाने माझी बोटं हलकेच, अगदी सभ्यपणे, दारापासून सोडवायला घेतली.

“बाई,” इमारतीच्या दारातून मेकॅनिकचा आवाज आला. “आत शिरा. आठांवर नववं माणूस चढलं की घंटा ओरडते, दार मिटतच नाही. मी स्वतः बसवलीय ती.”

मी आत शिरले. सगळे कुरकुरत मागे सरकले. मी दाराकडे तोंड करून उभी राहिले आणि घंटेची वाट पाहिली.

घंटा वाजली नाही. दार सावकाश, नीट मिटत आलं. मिटायच्या आत फटीतून मला तो दिसला: रखवालदाराचा हात झुगारून धावत येणारा, आणि त्याच्या तोंडावर तो भाव, जो मी फलकावर कधी वाचला नव्हता. त्याचे दोन्ही तळवे बाहेरून दारावर आदळले. तोवर आम्ही निघालो होतो.

“बघा, नऊ जणांनाही काही म्हणत नाही!” मागे कुणीतरी फोनला सांगितलं. हशा पिकला.

ताई हसली नाही. तिने दारावरची क्षमतेची पाटी वाचली, मग ओठ हलवत आम्हाला मोजलं. एकदा, आणि पुन्हा एकदा.

“घंटा वाजायला हवी होती,” ती म्हणाली. फक्त मला ऐकू येईल असं. मग मोठ्याने, “जवळच्या मजल्याचं बटण दाब गं, कुठलंही.” बटणांपाशी उभी असलेली मुलगी फोनमधून मान वर काढून ‘काय मॅडम?’ म्हणाली, तेव्हा आकडा सहावरून पुढे सरकला होता.

सात. लिफ्ट हळू झाली, थांबली. कुणीतरी पट्टी मागितली. ताईने ती दिली नाही. तिने माझं मनगट धरलं.

दार उघडलं. समोर सिमेंटची भिंत होती, आणि आमच्या कमरेच्या उंचीवर सातव्या मजल्याची फरशी, तिथे ताटकळत उभ्या असलेल्या कुणाचे तरी बूट. मी त्या बुटांकडे बघत राहिले. ते आधी कमरेपाशी होते. मग छातीपाशी आले. आवाज कसलाच नव्हता. फरशी सावकाश वर चालली होती.