काकांना विचारलेला प्रश्न

जगन्नाथकाकांच्या हाती माइक दिला की संपलंच. अमेरिकेत, फ्रिस्कोच्या आमच्या मराठी मंडळात, २००५ साली गणपतीनंतरच्या रविवारी, त्यांचं व्याख्यान होतं: 'लायसन्स राज आणि व्यक्तिस्वातंत्र्य'. तिकडे भारतात साध्या स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावायचा, कारखान्यात दोन मशिनं वाढवायची तर दिल्लीची परवानगी काढायची. सरकारनं माणूस पांगळा केला. इथं ज्याच्यात धमक आहे तो पुढे जातो, कुणाची मिनतवारी करावी लागत नाही. लोक माना डोलवत होते आणि माझं डोकं तापत होतं.

मी डेंटिस्ट आहे. नागपुरात माझा स्वतःचा दवाखाना होता. इथं पाच वर्षं डिपेंडंट व्हिसावर पोळ्या लाटतेय, कारण या व्हिसावर काम करायला बंदी आहे. ग्रीन कार्ड आलं तरच ती उठणार. माझा नवरा विनय काकांच्याच कन्सल्टिंग कंपनीत, ग्रीन कार्डाचा अर्जही त्याच कंपनीचा. म्हणजे आमची शेंडी काकांच्या हातात.

मागच्या वर्षी विनयला अ‍ॅशबर्नच्या एका कंपनीकडून चांगली ऑफर आली होती. ती कंपनी नवा अर्ज करायला तयार होती, व्हिसाची मुदतही पुरेशी होती. पण आपली खोड! वडीलधारं माणूस आहे, आधी काकांच्या कानावर घालू. पेढे घेऊन गेलो. काकांनी पेढा खाल्ला, विनयच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, घरचा मुलगा तू, एवढा प्रोजेक्ट संपू दे. तो संपेपर्यंत व्हिसाचं शेवटचं वर्ष लागलं आणि नव्या अर्जाची वेळ टळली. आता काकांकडची नोकरी गेली की आम्ही भारतात परत. हे त्यांना पेढा खातानाही ठाऊक होतं.

व्याख्यान संपलं. कुणाला काही विचारायचंय का, म्हणून माइक फिरला. विनयनं माझा हात धरला होता, तो सोडवून मी उठले.

"काका, विनयला उद्या तुमची नोकरी सोडायची असली, तर त्यानं कुणाला विचारायचं?"

काका छान हसले.

"कुणालाच नाही. खुशाल सोडावी."

टाळ्या पडल्या. मग सगळे जेवायला गेले.

सोमवारी दुपारीच विनय घरी आला. काम कमी झालंय म्हणून त्याला काढलं होतं, आणि अर्ज मागे घेतला होता. तो मला एका शब्दानं बोलला नाही. त्यानं ओरडायला हवं होतं. मला माझा राग येत होता, आणि त्याच्या गप्प बसण्याचा त्याहून जास्त.

खोकी भरत होते तेव्हा काकांच्या बायकोचा, मालिनीकाकूंचा फोन आला. आवाजात तीच माया. म्हणाल्या, सोफा काढणार असलात तर आम्हालाच सांग गं, पुण्याहून नवीन मुलगा येतोय कंपनीत, बायकोसकट.

बायको काय करते, मी विचारलं.

"आर्किटेक्ट आहे म्हणे. गोड आहे पोरगी."

"मग सोफा घेऊनच जा, काकू," मी म्हटलं. "तिला खूप बसावं लागेल."