काडीचं फूल

जावई वेलीशी तासन्‌तास गप्पा मारतो आणि सासू समोर आली की त्याची बोबडी वळते, हे मालकीणबाईंना मुळीच पसंत नव्हतं. बोलायचंच असेल तर माणसांशी बोलावं. वेल काय, सगळ्याला मान डोलावणार आणि फुकटचं पाणी पिऊन वाढत बसणार.

मालकीणबाई म्हणजे तळमजल्यावरच्या शिलाई-दुरुस्तीच्या दुकानाच्या मालकीण. चेन बदलणं, विजारीची उंची कमी करणं, उसवलेलं शिवून देणं, असली कामं. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं होतं, पण शाळेने त्यांचं फारसं पाहिलं नव्हतं. त्यामुळे त्यांचं कुठे काही अडलं नाही. दुकानात त्यांचा एक नियम होता आणि तो सगळ्यांना पाळावा लागे. काम संपलं की कपडा उजेडात धरायचा आणि जे लोंबतंय, ज्याला काही काम नाही, ते मुळाशी तिरकं कापायचं. तिरकं कापलं की टोक कापडात शिरतं, गिऱ्हाइकाला दिसत नाही. म्हणून घरातल्या प्रत्येकाच्या गळ्यात दोरीला बांधलेली छोटी कात्री असे. जेवतानासुद्धा ती ताटावर लोंबायची.

जावई कामाला होता ते गोदाम बंद पडलं तेव्हा तो आणि लेक दुकानावरच्या घरात राहायला आले. माल चढवणारी गाडी चालवणारा माणूस, त्याच्या हाती सुई कोण देणार? त्याला दोरे कापायला बसवलं. पंजे फावड्यासारखे, पण कापायचा नीट. हे मालकीणबाईंनी त्याला कधी सांगितलं नाही. स्तुती केली की माणूस सैल पडतो, असा त्यांचा अनुभव होता.

मग त्याच्या डोक्यात भाजीचं खूळ शिरलं. रंगाच्या रिकाम्या बादल्यांना खालून भोकं पाडून त्याने गॅलरी भरून टाकली. भाजीवाल्याकडे जाणारे पैसे घरातच राहतील म्हणाला. घरात कुठले राहतात, ते सगळे मातीतच गेले. टोमॅटो गोट्यांएवढे झाले आणि तेवढ्यावरच रुसले. घेवड्याला कीड लागली. उरली भोपळ्याची वेल. ती मात्र कठडा चढून, कोपऱ्यावरून वळून पार शेजारणीच्या गॅलरीत पोचली. फुलं धरली, फुलांमागे मण्याएवढे भोपळेही दिसू लागले. पण एकेक मणी पिवळा पडायचा आणि गळायचा.

एकदा जेवताना मालकीणबाईंची जीभ सुटली. थंडी पडायच्या आत या गॅलरीतून एका वेळची भाजी निघाली नाही, तर बादल्या रस्त्यावर, गॅलरीत शिलाईचं जास्तीचं मशीन, आणि जावयाने आपल्या भावाच्या गावी जाऊन कामाचं बघावं. जावई नुसता हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी लेक कपाटावरची मोठी बॅग खाली काढून पुसत बसली.

बोललेलं मागे घ्यायची मालकीणबाईंना सवय नव्हती. लेक गेली तर दुकानात काजं कोण करणार, असं त्या स्वतःला ऐकवत राहिल्या. काजांचा काही प्रश्न नव्हता, हेही त्यांना कळत होतं.

अशात शेजारीण भेटली. ती बस चालवायची. सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा तिचा आवाज. जिन्यातच तिने मालकीणबाईंना अडवलं आणि म्हणाली, “तुमचं पोर माझ्याकडे राहायला आलंय, बघायला तरी या.”

बघायला गेल्या तर काय, कोपऱ्यापलीकडे, शेजारणीच्या कठड्याला टेकून एक चांगला गुबगुबीत भोपळा बसलेला. त्याच्या पलीकडे आणखी एक. मालकीणबाई पाहतच राहिल्या. वेल तीच, मूळ तेच, पाणीही घालतो त्यांचाच जावई. मग पोर परक्या दारी बाळसं धरतं आणि आपल्या दारी सुकतं, हा कुठला न्याय? खत काय घातलंस म्हणून विचारलं, तर शेजारीण हसली. सकाळी बस काढायची आणि दिवेलागणीला परत यायचं. ती वेलीकडे बघतसुद्धा नव्हती.

मालकीणबाईंना आता चैन पडेना. फाटकं शिवायचं तर आधी ते कुठून फाटलं ते शोधावं लागतं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच त्या वाटीभर साखर मागायचं निमित्त काढून शेजारणीकडे गेल्या आणि साखर विसरून गॅलरीत उभ्या राहिल्या. वेलीवर दोन तऱ्हेची फुलं होती. एकाच्या मागे भोपळ्याचा मणी. दुसऱ्याच्या मागे काहीच नाही, लांब बारीक काडीवर नुसतंच उभं. एक मधमाशी त्या काडीच्या फुलात शिरली, पिवळ्या पुडीत लोळली आणि तशीच माखलेल्या अंगाने मण्याच्या फुलात घुसली.

घरी येऊन त्यांनी आपल्या बाजूची वेल पानं उचलून पाहिली. मण्याची फुलं होती. काडीचं एकही नव्हतं, मधमाशीही इकडे फिरकत नव्हती. होते ते नुसते खुंट, देठाशी स्वच्छ तिरके कापलेले. कबुतर तिरकं कापत नाही. असा काप घालायला एकाच घरात शिकवतात.

पुढच्या सकाळी त्या दाराआड थांबल्या. जावई आला, पाणी घातलं, वेलीला काहीबाही सांगितलं आणि गळ्यातली कात्री हातात घेऊन न उमललेल्या काड्या एकेक करून कापू लागला. मालकीणबाईंनी हे काय चाललंय म्हणून विचारलं. तो दचकला, पण पहिल्यांदाच अडखळला नाही.

“तुम्हीच शिकवलंत ना, आई? लोंबतंय आणि कामाचं नाही, ते कापायचं. यांना भोपळा धरत नाही. उगाच वेलीचं खातात.”

दुकान उघडायची वेळ झाली, असं म्हणत मालकीणबाई खाली उतरल्या.

दिवसभर त्या मशीनवर चुकीच्या रंगाचा दोरा ओवत राहिल्या. खात्री झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. सासूने एकदा आपलं चुकलं म्हटलं की जावई जन्मभर ऐकवतो. शेजारणीच्या गॅलरीतलं एक काडीचं फूल त्यांनी सुयांच्या डबीत घालून आणलं. जावई खाली दुकान झाडत होता. मधमाशीने केलं तसंच त्यांनी केलं, ते फूल आपल्या वेलीवरच्या मण्याच्या फुलात घासलं, आणि खूण म्हणून त्या मण्याच्या देठाला लाल दोरा बांधला. शेजारच्या दुसऱ्या फुलाला मुद्दाम हात लावला नाही. खरं-खोटं कळायला नको?

मग रोज काही ना काही वाळत घालायला त्या गॅलरीत जाऊ लागल्या. वाळत घालायला काही नसलं तर वाळलेलंच पुन्हा घालायच्या. लेक बघायची आणि चिमटे पुढे करायची. बिनदोऱ्याचा मणी पिवळा पडून गळला. लाल दोऱ्याचा हिरवाच राहिला, लिंबाएवढा झाला, मग मुठीएवढा.

सकाळी गार वारा सुटू लागला. जावयाच्या भावाचा फोन आला, कामाची जागा रिकामी आहे म्हणून. जावई हळू आवाजात कधी निघायचं ते ठरवत होता, तेवढ्यात मालकीणबाईंनी त्याला गॅलरीत बोलावलं. फोन बंद करून तो आला, मागोमाग लेकही येऊन दारात उभी राहिली. मालकीणबाईंनी पान बाजूला केलं. तो वाकला, भोपळ्याकडे बघत राहिला, मग दोऱ्याकडे. दोऱ्याचं एक टोक लोंबत होतं. बघता बघता त्याचा हात आपोआप कात्रीकडे गेला.

मालकीणबाईंनी त्याचं मनगट धरलं.

“हात मागे घ्या, जावईबापू. दुकानात माझा नियम चालेल, इथे वेलीचा. आजपासून कात्री आधी दाराच्या खिळ्याला टांगायची, मग गॅलरीत पाय टाकायचा. काडीच्या फुलाला बोटसुद्धा लावायचं नाही, ते काही उगाच लोंबत नसतं. आणि भावाला उलट फोन लावा, म्हणावं सासू नाही म्हणतेय, भोपळा अजून लहान आहे.”