पाव फेरा

उपासनाला पहिला संशय आला तो लांबी मोजायच्या कॅलिपरमुळे. भरलेलं काडतूस टेबलाच्या कडेला टोकाकडून दाबलं, तर त्याची लांबी बदलायला नको. ह्याची बदलली. गोळी आत सरकली होती. गोळी आत गेली की पावडरची जागा कमी होते, दाब भलताच चढतो आणि पिस्तूल हातात फुटू शकतं.

काडतुसं भरायची प्रेस अमेरिकेत हर्नडनच्या त्यांच्या गॅरेजात होती. छंद नवऱ्याचा, राकेशचा. पण ९४ साली लग्न होऊन आली तेव्हापासून प्रेसमधला काडतुसाचं तोंड दाबणारा साचा, म्हणजे डाय, लावायचं काम धातुशास्त्र शिकलेल्या उपासनानं स्वतःकडे घेतलं होतं. रिव्हॉल्व्हरची, तोंडाची कडा आत वळवणारी डाय तिनं बाजूला ठेवली होती. त्यांच्या पिस्तुलात काडतूस त्या कडेवरच टेकतं, म्हणून तोंड नुसतं निमुळतं करणारी डाय लावून तिनं ती चांगली आवळली होती. मग सैल कुणी केली?

"राकेश, डायला हात लावलास?"

"नाही गं."

"हँडल जड जातंय म्हणून कुरकुरत होतास."

"कुरकुरलो म्हणजे चोर झालो? यार, तुझ्या लॅबमधला उंदीर नाहीये मी!"

तो हसला, पण तिच्याकडे न बघता. तेवढं तिला पुरलं. तिनं डाय आणखी पाव फेरा आवळली आणि कुणी फिरवली तर कळावं म्हणून तिच्या नटावरून प्रेसवर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढली. पुढच्या खेपेला रेघ जागच्या जागी होती, गोळ्या मात्र आणखी सैल. म्हणजे हा रेघ जुळवून ठेवतो? ती त्याच्या बोटांवर नेलपॉलिशचे डाग शोधू लागली, आणि ते त्याच्या लक्षात आलं.

"वहिमाला औषध नाही," एवढंच बोलून रविवारी सकाळी तो क्लबच्या मॅचला निघून गेला.

आता घरात दुसरं कुणी नव्हतं. तिनं डाय पुन्हा आवळली, एक काडतूस भरलं, दाबलं. गोळी लोण्यात बोट शिरावं तशी आत गेली.

ती खुर्चीत बसली. गोळी उपसायच्या पोकळ हातोडीत काडतूस अडकवून ठोकलं आणि गोळी बाहेर काढली. मधे दबून गोळीला कंबर पडली होती. दाबलेलं काडतुसाचं पितळ थोडं मागे उसळतं, आतल्या गोळीचं शिसं उसळत नाही; जितकं आवळावं तितकी फट वाढते. कॉलेजातल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाला समजावं एवढं सोपं.

मग तिची नजर शेल्फवर गेली. कालचा भरलेला बॉक्स तिथे नव्हता.

तिनं क्लबला फोन लावला. काउंटरवरच्या माणसानं राकेशला बोलवायला फार वेळ लावला. मागून बार ऐकू येत होते.

"आता काय चोरलं मी?"

"त्या गोळ्या मारू नकोस. प्लीज."

"का? मी डाय सैल केली म्हणून?"

"मी जास्त आवळली म्हणून. चूक माझी आहे."

पलीकडे आणखी एक बार झाला.

"किती मारल्यास?"

"अजून एकही नाही. पुढचा नंबर माझाच आहे." मग सावकाश म्हणाला, "की ही पण नेलपॉलिशची रेघ आहे? मी थांबतो का ते बघायला?"

तिच्याच तोंडचा सूर होता तो.

"टेबलावर टोक टेकव आणि दाब," ती म्हणाली. "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. स्वतः बघ."

रिसीव्हर काउंटरवर ठेवल्याचा आवाज झाला. ती कान लावून उभी राहिली. थोड्या वेळानं त्यानं रिसीव्हर उचलला.

"सरकली?" तिनं विचारलं.

"हो. घरी येतोय," राकेश म्हणाला. "तोवर कशाला हात लावू नकोस."