पिवळा ठोकळा आणि नऊ तळी

मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ. मित्रांनो, आत्मवृत्त लिहावं असं माझ्यात काही नाही, याची मला कल्पना आहे. पण ज्यांच्याविषयी लिहायचं, त्यांना स्वतःविषयी बोलायची सवय नाही. म्हणून मी.

एका सुताराने दाराच्या चौकटीतून उरलेला तुकडा तिरका कापला आणि मी झालो. त्या चौकटीतून आजही माणसं ये-जा करत असतील. माझ्यावर फक्त एक टायर चढतो. डावीकडचा, मागचा.

गाडी म्हणजे चाकांवरचं छोटं घर. आत पलंग, शेगडी, घडीचं टेबल. मालक जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना सगळे काका म्हणत. काकू तेवढ्या ‘अहो’ म्हणत. वाटेतल्या लहान गावांत थांबत थांबत नऊ तळी बघायची, कसलीही घाई करायची नाही, असं दोघांनी ठरवलं होतं. तळ्यांची यादी काकूंनी केली. घाई न करण्याचं वेळापत्रक काकांनी.

तळ्याकाठची जमीन सपाट नसते. गाडी उतारावर उभी राहिली की कपाटांची दारं आपोआप उघडतात आणि झोपलेला माणूस सकाळपर्यंत भिंतीला चिकटतो. म्हणून काकू टेबलावर काठोकाठ पाणी भरलेली वाटी ठेवत आणि काका मला चाकापुढे ठेवून गाडी बोट बोट वर चढवत.

“अजून थोडी,” आतून आवाज येई. “अहो, थोडी म्हटलं. बस.”

“तीस वर्षं जमीन मोजली, कुणी माझ्यापुढे वाटी धरली नाही.”

“म्हणूनच आपल्या दारात पाणी साचतं.”

निघताना काकू दारातून विचारत, “ठोकळा उचलला का?”

“उचलला, उचलला. जन्मभर उचलतोच आहे.”

मी गवतात हरवू नये म्हणून काकूंनी मला खिडकीचा उरलेला पिवळा रंग दिला. माझं कौतुक म्हणाल तर एवढंच झालं. पण ते मला पुरलं.

लोकांना वाटतं, मी तळी पाहिली. मी एकच टायर पाच ठिकाणी पाहिला. वर ती दोघं चहा पीत भांडायची, ते मात्र ऐकू यायचं. तळ्यापेक्षा ते बरं होतं.

पाचव्या तळ्यानंतर काकू आजारी पडल्या. गाडी दोन वर्षं अंगणात उभी राहिली. मी चाकाखालीच होतो, एका कडेने बुरशी आली. काकू गेल्या हे मला कुणी सांगितलं नाही. एके सकाळी काका एकटेच गाडीत येऊन बसले, तेव्हा कळलं.

सहाव्या तळ्यावर काका गाडी चढवत, उतरून आत जात, वाटी बघत, परत येऊन चाकाशी बसत. अशा अकरा खेपा. अकराव्या खेपेला धाप लागली. “आलं असेल सपाट,” ते म्हणाले. कुणाला, ते कळलं नाही. सपाट आलं नव्हतं.

सातव्या तळ्यावरून निघताना चाक माझ्यावरून उतरलं आणि गाडी निघून गेली. त्यांची चूक नव्हती. विचारणारं कुणी नव्हतं, इतकंच.

मित्रांनो, सातवं तळं मी पाहिलं. समोर टायर नव्हता ना. खूप पाणी होतं. एकट्याने बघायला जरा जास्तच.

दुसऱ्या दिवशी होड्या भाड्याने देणाऱ्या बाईंनी मला उचलून त्यांच्या डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली घातलं. नोकरी बरी होती. टेबल हलत नव्हतं आणि माझ्याशी कुणी बोलत नव्हतं.

चौथ्या दिवशी काका आले.

“इथे एक पिवळा ठोकळा राहिला होता.”

बाईंनी टेबलाखाली बोट दाखवलं. “हा? यासाठी कुठून आलात?”

“आठव्या... म्हणजे पुढच्या तळ्यावरून. दीडशे किलोमीटर.”

“अहो काका, असा तुकडा कुठल्याही सुताराने दिला असता.”

“दिला असता,” काका म्हणाले. “अजून एक तळं राहिलंय. यादी तिची आहे. तिथे तरी तिरकं राहायचं नाही मला.”

बाईंनी वाकून मला काढलं, पदराने पुसलं आणि त्यांच्या हातात दिलं. काकांनी गाडीतून नकाशा आणून घडी घातली आणि माझ्या जागी सरकवली. म्हणाले, “आता याचं काम नाही. पुढचा रस्ता एकच आहे.”

नवव्या तळ्यावर चौदा खेपा झाल्या. चौदाव्या खेपेला काका आत गेले ते लवकर बाहेर आलेच नाहीत. वाटीतलं पाणी सगळ्या बाजूंनी काठाला सारखं टेकलं होतं, असं मी धरून चालतो.

तिथे आम्ही सहा दिवस राहिलो. सातव्या दिवशी सकाळी काका गाडीच्या दारात येऊन उभे राहिले.

“ठोकळा उचलला का?” त्यांनी विचारलं. स्वतःच्याच आवाजात. मग पायरी उतरले, गाडी मागे घेऊन मला काढलं, माझी माती झटकली.

“उचलला, उचलला,” ते म्हणाले. पुढचं वाक्य त्यांनी म्हटलं नाही.

मित्रांनो, लाकडाला ओल लागू देऊ नका, असं काहीतरी मी शेवटी सांगायला हवं. ते तुम्हाला सुतार सांगेल. माझी विनंती वेगळी आहे. तुम्ही निघता तेव्हा घरातून कुणीतरी विचारतं, रुमाल घेतलास का, डबा घेतलास का. रोज तेच. वैतागून का होईना, उत्तर देत जा.