हातात दिलेला कोयता

मला पाहिलंत की आधी दोन पावलं मागे सरा, मित्रांनो. मला राग येणार नाही; उलट शहाणी मुलं आहेत म्हणेन. मी कोयता आहे. माझी घडी होत नाही, मी खिशात मावत नाही आणि दिसायलाही काळाकुट्ट.

ट्रकचा मोडका पाटा तापवून हरसूलच्या पुंजा लोहाराने मला घडवलं. ही १९७८ सालची गोष्ट. नाशिकच्या एका मुलींच्या शाळेतल्या लताबाई दिवाळीच्या सुट्टीतल्या शिबिरासाठी कोयता शोधत बाजारात आल्या. देवळ्याच्या मळ्यात वाढलेल्या त्या. चकाकीला भुलणाऱ्या नव्हत्या. त्यांनी मला उचलून तोललं, दगडावर वाजवलं, आणि पात्याचं लोखंड मुठीतून आरपार गेलंय ना, हे निरखून पाहिलं.

"बाई, कोयता घेता का जावई?" पुंजा म्हणाला. "लयच पारखून राहिल्या!"

"जावयाला लाकडं फोडायला लावता येत नाहीत," लताबाई म्हणाल्या, आणि मला घेऊन गेल्या.

पुढची वर्षं मोठ्या मजेत गेली. डोंगरातल्या शिबिरांत मी तंबूच्या खुंट्या तासल्या, सरपण फोडलं, वाटेतल्या काटेरी फांद्या तोडल्या. लताबाई मुलींना बजावायच्या, "वार अंगापासून लांब, बाहेरच्या बाजूला. समोर कुणी उभं नको. आणि कोयता हातातून हातात द्यायचा नाही, खाली ठेवायचा. हातात दिला की भांडण होतं." हे शेवटचं त्यांच्या आईचं सांगणं.

भांडण मात्र झालंच, आणि तेही माझ्यावरून. यशोदाबाई त्याच शाळेतल्या, लताबाईंची जिवलग मैत्रीण. १९८५च्या शिबिराला त्यांनी भावाने मुंबईहून आणलेला सुरा आणला. चकचकीत, पाठीला करवतीचे दात आणि पोकळ मुठीत चक्क होकायंत्र! मुली माझ्याकडे ढुंकूनही बघेनात. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण लताबाईंनी हद्दच केली. सगळ्यांदेखत म्हणाल्या, "यशोदाबाई, हा कपाटात मांडून ठेवा. पोकळ मुठीचा सुरा काय कामाचा!"

यशोदाबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी बोलणंच टाकलं. चूल एकच, पण निरोप मुलींमार्फत. "बाईंना सांग, भात उतरवा." मुलींना हसू आवरेना. दोघींच्या घशाखाली मात्र घास उतरत नव्हता, ते मला दिसत होतं.

मग वर डोंगरात पाऊस झाला आणि ओढा फुगला. भांडी घासायला गेलेली आठवीतली चांगुणा पाय घसरून पाण्यात पडली. काठच्या उंबराच्या मुळ्यांत तिचा पाय अडकला. यशोदाबाई तशाच पाण्यात उतरल्या. एका हाताने त्यांनी तिचं डोकं वर धरलं, दुसऱ्या हाताने कमरेचा सुरा काढून जाड मुळीवर चालवला. मूठ हातात राहिली आणि पातं निखळून वाहून गेलं. पाणी चांगुणाच्या हनुवटीला लागलं होतं.

आरडाओरडा ऐकून लताबाई मला घेऊन धावत आल्या. आणि त्यांनी काय करावं? सवयीप्रमाणे मला काठावरच्या खडकावर ठेवलं आणि मागे सरल्या! पोरीला सोडल्याशिवाय यशोदाबाईंचा हात तिथवर पोचत नव्हता.

"अहो, हातात द्या!" त्या ओरडल्या.

"हातात दिला तर भांडण..."

"आपलं आणखी काय व्हायचं राहिलंय, लताबाई?"

लताबाई भानावर आल्या. मला उचलून त्या पाण्यात शिरल्या, मूठ पुढे केली आणि यशोदाबाईंनी ती घट्ट धरल्यावरच मला सोडलं. पाण्याखाली वार बसत नाही. ओढून कापावं लागतं. यशोदाबाईंनी माझं वाकडं टोक मुळीत अडकवलं, धार पायापासून लांब ठेवली आणि सगळा जोर लावून ओढत राहिल्या. मी कधीही केलं नसेल एवढं काम त्या दिवशी केलं. मुळी तुटली. चांगुणा खोकत, रडत बाहेर आली.

काठावर लताबाईंना रडू आवरेना. "मुलींसमोर मी तसं बोलायला नको होतं."

"सुरा भिकारच होता," यशोदाबाई म्हणाल्या. "पण मला बाजूला घेऊन सांगायचंत ना."

त्या गडबडीत मला पुसायचं राहिलं आणि सकाळपर्यंत मी गंजलो. पुढे दोन वर्षं शिबिर भरलं नाही, तेव्हा माळ्यावर पडून आणखी गंजलो. शेवटी दोघींनीच मला खाली काढलं. एकीने विटेच्या भुकटीने घासलं, दुसरीने तेल लावलं. यंदा शिबिर पुन्हा भरतंय आणि मी निघालो आहे.

तेव्हा मित्रांनो, कोयता ओला ठेवू नका. देताना मूठ पुढे करा, समोरच्याने घट्ट धरली की मगच सोडा. आणि मैत्रिणीला टोचेल असं काही सांगायचं असलं, तर तेही असंच द्या.