चाळीस टक्के घर

इंग्लंडमधल्या हार्लोतल्या त्या फ्लॅटचे चाळीस टक्के माझे होते, तेही बँकेच्या कर्जावर. उरलेले साठ टक्के वाट्याने घरं विकणाऱ्या गृहसंस्थेचे, त्यांचं मी भाडं भरायचे. गळका नळ कुणाच्या वाट्याचा, असं मी एकदा संस्थेला फोनवर विचारलं होतं. गळला की पूर्ण तुमचा, म्हणाले.

मग दूर ग्रिम्सबीला बाबांना अर्धांगवायू झाला. मी एकुलती एक. नोकरी सोडून गेले. फ्लॅट भाड्याने देऊ का, असं संस्थेला विचारलं, नाही. बँकेला विचारलं, नाही. स्वतः राहत असाल तर एका खोलीत कुणाला ठेवा, एवढीच मुभा. मी डोरीना नावाच्या भाडेकरणीला अख्खा फ्लॅट दिला आणि कागदावर एक खोली लिहिली. चूक होती, ठाऊक होतं. पण हप्ता थकला असता तर एकोणीस वर्षं राबून मिळवलेलं एवढंसं घर हातचं गेलं असतं.

आठव्या महिन्यात पत्र आलं, संस्थेचा माणूस पाहणीला येतोय. मी सकाळच्या गाडीने आले आणि माझा टूथब्रश, सपाता, वाचायचा चष्मा जागोजाग मांडला.

डोरीना रोमानियाची, इस्पितळात नर्स. घाबरून म्हणाली, "मला खोटं जमत नाही हो."

"तू गप्प बस. खोटं बोलायला मी आहे ना!"

प्रिचेट नावाचा तो गृहस्थ भिजून आला. सपाता बघितल्या, चष्मा बघितला, फाइल मिटली. "सगळं ठीक आहे. निघतो."

त्याला जाऊ द्यायचं होतं. पण दारात आलेल्याला चहा विचारल्याशिवाय सोडणं आम्हा इंग्रजांना जन्मात जमलेलं नाही.

"चहा घेणार?" मी बोलून गेले.

"वा! घेईन की."

किटली लावली. चमच्यांच्या खणात औषधं निघाली. चहाच्या डब्यात तांदूळ. माझ्याच स्वयंपाकघरात मी चोरासारखी खण उघडत होते.

"कालच आवरलं ना, आता काही सापडत नाही मेलं!"

"आमच्या हिचंही हेच," प्रिचेट हसला.

डोरीनाला बघवेना. "बसा तुम्ही, मी करते." तिने झरझर कप काढले, त्याला विचारलं. दूध थोडं, साखर नको. मग माझ्याकडे वळली.

"हेझल, तुमच्या चहात साखर किती?"

आमच्याकडे एका छपराखाली आठवडा काढला तरी हे ठाऊक असतं. इथे कागदावर आठ महिने झाले होते.

"दोन चमचे," मी म्हटलं. डोरीनाने तोंडावर हात ठेवला.

प्रिचेटने सगळा चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि फाइल पुन्हा उघडली.

"मला वाईट वाटतं, बाई," तो म्हणाला.

वाटलंही असेल. फ्लॅट विकायची नोटीस अकराव्या दिवशी आली. बाबांना भरवता भरवता मी ती वाचली. त्यांना सांगितलं नाही. मला परत जायला घर आहे, एवढ्याच समाधानावर ते जगत होते.